आधी वस्तीत, मग निविदेत: मुंबईतल्या प्रकल्पात स्थानिकांना सामील कसं करून घ्यायचं

वरळी कोळीवाड्याच्या क्लिव्हलँड बंदरातून बोट समुद्रात काढायची तर खडकांमधल्या वाटेनं जपून जावं लागतं. सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणारा पूल नेमका या वाटेवरून जाणार होता आणि त्याच्या दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. मासेमारीची बोट रुंदीला असून असून किती असणार? त्यामुळे कागदावर ६० मीटर ऐसपैस वाटतात. पण आडवा वारा सुटला, उधाण आलं की बोट सरळ रेषेत चालत नाही, वाहवत जाते. नाखव्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. कोळ्यांनी २०० मीटर मागितले. निदर्शनं झाली, बैठका झाल्या, तिथलं काम अडलं. शेवटी २०२२ च्या अखेरीस सरकारनं १२० मीटर मान्य केले, म्हणजे मधला एक खांब गाळला.

हाच बदल आराखडा टेबलावर असताना केला असता तर एक रेघ खोडून दुसरी मारायची होती. काम सुरू झाल्यावर त्याच बदलासाठी नवं डिझाइन, नवी मंजुरी, वाढीव खर्च आणि वाया गेलेला वेळ लागला. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे: बदलण्यासारखं काही शिल्लक असताना लोकांकडे जायचं आणि काय शिल्लक आहे ते त्यांना स्वच्छ सांगायचं. प्रकल्पावर काम करणारे इंजिनीअर, सल्लागार कंपन्यांतली समाजविकासाची माणसं, वॉर्ड ऑफिसातले अधिकारी आणि स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. ज्यांच्या दारात प्रकल्प येऊन ठेपलाय त्या रहिवाशांसाठी शेवटी थोडं वेगळं सांगितलं आहे.

१. काय बदलू शकतं, ते आधी स्वतःशी ठरवा

वस्तीत पाऊल टाकण्यापूर्वी कार्यालयात बसून एक पान लिहायचं. त्यावर तीन रकाने: ठरलेलं, ठरायचं असलेलं, आणि लोकांनी ठरवायचं.

समजा उड्डाणपूल आहे. तो कुठून कुठे जाणार हे बहुतेक ठरलेलं असतं. पण रॅम्प नेमका कुठे उतरणार, खालचा बसथांबा कुठे सरकणार, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला जागा कुठे ठेवणार, खांबांच्या मधली जागा कशाला वापरणार, पायासाठी जमिनीत खांब घालण्याचं काम (पाइलिंग) रात्री किती वाजता थांबणार, हे सगळं खुलं असतं किंवा खुलं ठेवता येतं. नाल्याच्या कामात भिंतीची उंची, वस्तीतून पलीकडे जायचे साकव, गाळ काढायला गाडी कुठून शिरणार हे खुलं असतं. मेट्रो स्थानकाची जिन्याची तोंडं कुठे उघडावीत, हा तर लोकांनाच विचारायचा प्रश्न.

हे पान कार्यकारी अभियंत्याच्या सहीनं पक्कं करून घ्या. सही नसेल तर पुढे बैठकीत तुम्ही 'हो, बघतो' म्हणाल आणि महिन्याभरानं वरून 'हे आता शक्य नाही' असं उत्तर येईल. त्यानंतर त्या वस्तीत तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. तिसऱ्या रकान्यात लिहायला काहीच नसेल, तर बैठक बोलावून लोकसहभागाचं नाव देऊ नका. 'आम्ही माहिती द्यायला आलोय' असं सरळ सांगा. लोक चिडतील, पण फसवणूक झाली असं म्हणणार नाहीत.

आणखी एक. एकाच रस्त्यावर महापालिका, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रेल्वे, वीज कंपनी, गॅस कंपनी अशा अनेकांची कामं चालतात. लोकांपुढे जाण्याआधी त्या सगळ्यांना एकदा एका टेबलावर बसवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा नवा गोखले पूल खुला झाला, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि तो यांच्या पातळ्याच जुळत नव्हत्या. सगळ्या शहरानं हसून घेतलं. दोन यंत्रणांमधलं हे अंतर वस्तीतल्या बैठकीत उघडं पडलं, तर बैठक तिथेच संपते.

२. कायदा काय मागतो

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण कायदा ही किमान पातळी आहे आणि बहुतेक प्रकल्प तिथेच थांबतात.

विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो. पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी लागत असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची नोटीस लागते. ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यायची, पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवायचा, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची, तिचं चित्रीकरण करायचं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी असतो. गणसंख्येची अट मात्र नाही, चार डोकी आली तरी सुनावणी झाली. भूसंपादन २०१३ च्या कायद्याखाली होत असेल तर सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्याची सुनावणी येते. झाडं तोडायची तर १९७५ चा वृक्ष कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम.

या सगळ्यात एक अडचण सारखीच आहे. हरकत मागवली जाते तोपर्यंत आराखडा तयार झालेला असतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा २०१४ ते २०३४ चा प्रारूप विकास आराखडा आला, तेव्हा त्यातल्या चुका लोकांनी शोधून काढल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते, वारसा वास्तू नकाशावरून गायब होत्या. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्यानं करायला सांगितला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. २०१५ चा मसुदा येण्याआधी विद्यमान भूवापराच्या नकाशांवर अनेक संस्थांनी आणि रहिवाशांनी वॉर्डावॉर्डात बसून दुरुस्त्या सुचवल्या होत्या. माझ्या मते त्या सगळ्या प्रक्रियेतलं खरं उपयोगाचं काम तेच होतं, कारण ते पायाच्या नकाशावर झालं.

३. जागा कोण वापरतं, ते वेळेप्रमाणे पाहा

मुंबईत एकाच फुटपाथवर दिवसभरात चार निरनिराळी गावं वसतात. पहाटे दूधवाले, पेपरवाले आणि सफाई कामगार. आठ वाजता स्टेशनकडे धावणारी गर्दी आणि वडापावची गाडी. दुपारी शाळेच्या व्हॅन, टेम्पो, हातगाड्या. रात्री तिथेच पथारी टाकून झोपणारी माणसं. सकाळी अकरा वाजता कॅमेरा घेऊन गेलेल्या सर्व्हेवाल्याला यातलं एकच गाव दिसतं.

म्हणून पाहणी निदान पहाटे, ऑफिसच्या वेळेला, दुपारी, रात्री आणि रविवारी अशी करा. एकदा भर पावसात जा. बाजार भरत असेल तर बाजाराच्या दिवशी जा. कोळीवाड्यात जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी विणत माणसं घराबाहेर बसलेली असतात, तेव्हा निवांत बोलणं होतं. जाळी कुठे वाळवतात, बोटी कुठे ओढून ठेवतात, मासळी कुठून बाजाराला जाते, हे विचारून नकाशावर उतरवा. जमिनीच्या कागदावर यातलं बरंचसं 'मोकळी जागा' म्हणून दाखवलेलं असतं.

मग यादी करा. मालक आणि भाडेकरू वेगळे लिहा, पागडीवाले आणि पोटभाडेकरू वेगळे. पोटमाळ्यावरचा शिलाईचा कारखाना, घरात पापड लाटणाऱ्या बायका, नाक्यावर कामाची वाट बघणारे मजूर, रिक्षा स्टँड, व्हीलचेअरवर येणारे, शाळेची मुलं. फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्याखाली नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते असायला हवेत. तिला विचारल्याशिवाय फुटपाथचं डिझाइन करू नका.

वापरणाऱ्याला न विचारता बांधलं की काय होतं, त्यासाठी स्कायवॉक बघावेत. २००८ मध्ये वांद्र्यापासून सुरुवात झाली आणि महानगरात तीसहून अधिक उभे राहिले. काहींवर गर्दी असते. बाकीच्यांखालून लोक आजही रस्त्यावरून चालतात, कारण जिना चढून, लांबचा वळसा घेऊन, त्यांना हवं तिथे उतरताच येत नाही.

वस्तीच्या वतीनं कोण बोलतं, हाही नाजूक प्रश्न. पहिल्या दिवशी जो तुम्हाला चहा पाजतो तो बहुतेक वेळा कुणाचा तरी माणूस असतो. त्याला टाळू नका, पण त्याच्यावर थांबूही नका. गणेशोत्सव मंडळ, चाळ कमिटी, मशिदीचे विश्वस्त, महिला बचत गट, मच्छीमार सोसायटी या सगळ्यांकडे जा. अंगणवाडीच्या ताई आणि आरोग्यसेविका यांना भेटाच. कुठल्या घरात कोण राहतं, कोण आजारी आहे, कोण गावाला गेलंय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

४. गणती लोकांच्या हातानं करा

घराच्या दारावर रंगानं नंबर टाकणारा माणूस ही वस्तीची प्रकल्पाशी पहिली ओळख असू नये. नंबर पडला की पात्र-अपात्रची कुजबुज सुरू होते, दलाल फिरायला लागतात, आणि मग कुणी खरं सांगत नाही.

याहून बरी पद्धत याच शहरात वापरली गेली आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रेल्वे रुळांलगतच्या झोपड्यांचं पुनर्वसन झालं, तेव्हा स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन या संस्थांसोबत रहिवाशांनी स्वतः घरं मोजली, याद्या केल्या, सोसायट्या बांधल्या. याद्या वस्तीतच लागल्यामुळे खोटं नाव घुसवणं अवघड होतं. शेजारी लगेच बोट ठेवतात.

त्याच प्रकल्पातल्या सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचा अनुभव मात्र उलटा आहे. तिथल्या दुकानदारांच्या धंद्याचा पुरेसा विचार झालेला नव्हता. पुनर्वसनात २२५ चौरस फुटांचा गाळा मोफत होता, पण ज्याचं दुकान त्याहून मोठं, ज्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरचं, त्याचं काय? २००४ मध्ये तक्रारी थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेल्या. मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा निधी थांबवला, जूनमध्ये पुन्हा सुरू केला. रस्ता खुला व्हायला २०१४ उजाडलं.

म्हणून गणतीच्या फॉर्मवर घराबरोबर रोजगाराचाही रकाना ठेवा. फोटोपास, रेशनकार्ड, वीजबिल, गुमास्ता लायसन्स यांपैकी काय आहे ते नोंदवा. काहीच नसेल तरी माणूस नोंदवा. पात्रता नंतर ठरते, अस्तित्व आधी नोंदवायचं असतं. गणतीनंतर कच्ची यादी वस्तीत किमान दोन-तीन ठिकाणी लावा, दुरुस्तीसाठी मुदत द्या आणि त्या मुदतीत तुमचा माणूस संध्याकाळी तिथे बसलेला असू द्या.

५. नकाशा जमिनीवर आणा

ए-झीरो आकाराच्या मोठ्या कागदावरचं ड्रॉइंग भिंतीला लावलं की लोक मान डोलावतात. कळलं म्हणून डोलावतात असं समजू नका.

एका उपनगरातल्या नाल्याच्या रुंदीकरणासाठी आम्ही समाजमंदिरात नकाशा जमिनीवर पसरला होता. अर्धा तास कुणी जवळ येईना. मग स्केचपेननं त्यावर पीठगिरणी, साईबाबांचं मंदिर, रेशनचं दुकान आणि सार्वजनिक संडास एवढंच लिहिलं. लगेच माणसं गुडघ्यावर बसून आपापलं घर शोधायला लागली. पाणी कुठून शिरतं त्याचे बाण सल्लागारानं आधीच काढून आणले होते. एक काकी वाकून बघत म्हणाल्या, "साहेब, तुमचा बाण उलटा आहे."

"उलटा म्हणजे, काकी?"

"नाल्याचं पाणी आमच्याकडे नंतर येतं. पहिलं येतं ते ह्या मागच्या भिंतीखालून. नाला भरायच्या आधी माझी चूल भिजलेली असते. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघून या."

पलीकडे डेब्रिजखाली गाडली गेलेली एक जुनी मोरी निघाली. कुठल्याच नकाशावर ती नव्हती. नाला नुसता रुंद केला असता तर काकींच्या चुलीत पाणी येतच राहिलं असतं. मोरी साफ करून नाल्याला जोडण्याचं काम नंतर अंदाजपत्रकात घातलं गेलं.

तेव्हा नकाशावर लोकांच्या ओळखीच्या खुणा टाका. पेन त्यांच्या हातात द्या. त्याहून उत्तम म्हणजे प्रत्यक्ष जागेवर चुन्यानं रेघ मारा: इथपर्यंत रस्ता, इथे भिंत, इथे खांब. उंची दाखवायची असेल तर बांबू उभा करा आणि त्यावर फडकं बांधा. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसमोरून उड्डाणपूल जाणार हे फडकं बघितल्यावर जे कळतं, ते कुठल्या थ्रीडी चित्रफितीत कळत नाही. त्या चित्रफितीत आकाश कायम निळं असतं आणि रस्त्यावर चारच गाड्या असतात, मुंबईकर ते बघून हसतो.

पाणी कुठवर चढलं होतं, हे विचारताना २६ जुलै २००५ ची खूण आधी विचारा. जुन्या माणसांना ती भिंतीवर बोट ठेवून दाखवता येते. मग दरवर्षीच्या पावसाची खूण विचारा.

६. बैठक घ्यायची ती अशी

वेळेपासून सुरुवात करू. कामकरी वस्तीत संध्याकाळी साडेआठच्या आधी पुरुष घरी नसतात, आणि बायकांना नळाच्या पाण्याची वेळ असते. ती वस्तीगणिक वेगळी, तेव्हा विचारून घ्या. रविवारी सकाळी साडेदहा-अकरा चालतं, एकनंतर कुणी थांबत नाही. शुक्रवारी दुपार, गणपती-नवरात्र, रमजानची संध्याकाळ, दहावी-बारावीच्या परीक्षा हे दिवस टाळा. मे महिन्यात अर्धी चाळ गावाला गेलेली असते. मेमध्ये नोटीस लावून जूनमध्ये मुदत संपवणं ही जुनी क्लृप्ती आहे आणि ती लोकांना चांगली माहीत आहे.

जागा वस्तीतलीच हवी: समाजमंदिर, बालवाडी, व्यायामशाळा, चाळीचा चौक. मोठ्या सभागृहात, व्यासपीठ आणि हारतुऱ्यांसकट घेतलेल्या सभेत चार पुढारी बोलतात, बाकीचे टाळ्या वाजवतात किंवा घोषणा देतात. वीस-पंचवीस माणसांच्या पाच बैठका पाचशेच्या एका सभेपेक्षा जास्त कामाच्या. सगळ्यांनी एका पातळीवर, शक्यतो गोल बसावं. माइक नसला तर फार बरं.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि ती घेणारी बाईच असावी. पाणी, संडास, अंधार, मुलं शाळेत कशी जातात, रात्री पाळीवरून परतताना कुठला रस्ता टाळतात, हे मिश्र सभेत निघत नाही. भाडेकरूंचीही वेगळी घ्या. मालक समोर असताना भाडेकरू कसा बोलणार?

भाषा मराठी, पण धारावीत तमिळ, कुर्ल्यात हिंदी-उर्दू, गिरगावात गुजराती लागू शकते. त्या वस्तीतलीच पदवीला शिकणारी मुलं दुभाषी म्हणून घ्या, त्यांना मानधन द्या.

बैठकीत पहिली दहा मिनिटं तुम्ही बोलायचं, ते तीन रकान्यांचं पान वाचून दाखवायचं. पुढचा तासभर ऐकायचं. मध्येच खुलासा करायचा मोह आवरा. इंजिनीअर लोकांना हे फार जड जातं, प्रत्येक वाक्याला 'तसं नाहीये' असं तोंडावर येतंच. शेवटी जे ऐकलं ते इतिवृत्त म्हणून तिथेच मराठीत मोठ्यानं वाचा, दुरुस्त करा, दोन-तीन स्थानिकांच्या सह्या घ्या आणि फोटो काढून लगेच त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. कार्यालयात आठवड्यानं टाइप केलेलं इतिवृत्त आणि प्रत्यक्ष झालेलं बोलणं यांत फरक पडतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला असतो.

निर्णय घेऊ शकणारा निदान एक अधिकारी हजर हवा. नुसत्या सल्लागाराच्या पोरांना पाठवू नका, लोक त्यांना पोस्टमन म्हणतात.

७. उत्तर द्या, 'नाही' असलं तरी

इतका वेळ काढून लोक बोलतात आणि मग महिनोन्‌महिने काही कळत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. तिच्यावर उपाय म्हणजे एक नोंदवही. कुणी काय सुचवलं, आम्ही काय ठरवलं, का ठरवलं. प्रत्येक सूचनेला क्रमांक. ही नोंदवही कार्यालयाच्या कपाटात न ठेवता वाणी, न्हावी, रेशन दुकान अशा ठिकाणी तिची प्रत लावा.

'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे कारण म्हणून लिहू नका. 'इथे खाली १२०० मिलिमीटरची जलवाहिनी आहे, खांब सरकवला तर ती हलवावी लागेल' असं लिहिलं की माणूस समजून घेतो. कधीकधी उलट विचारतो, 'मग दोन मीटर अलीकडे?' आणि तसं खरंच जमतं. किती सूचना आल्या यापेक्षा किती सूचनांमुळे ड्रॉइंग बदललं, हा आकडा वरिष्ठांना पाठवा.

८. घरं हलणार असतील तर

इथे घाई महागात पडते. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून माणसं माहुलला पाठवली. शेजारी तेल शुद्धीकरण कारखाने, हवा खराब, दवाखाने-शाळा अपुऱ्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयानं, तिथे जायची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर उजेड-वारा पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा या रचनेशी संबंध अभ्यासातून दाखवला गेला आहे.

म्हणून पुनर्वसनाची जागा दाखवताना बस भरून लोकांना तिथे घेऊन जा. एकदा दिवसा, एकदा रात्री. त्यांना नळ उघडून बघू द्या, लिफ्टमधून वर जाऊ द्या. तिथून कामाच्या ठिकाणी सकाळच्या गर्दीत जायला किती वेळ आणि किती पैसे लागतात ते त्यांच्यासोबत प्रवास करून मोजा. घरकाम करणाऱ्या बाईला चार घरांची कामं सोडावी लागत असतील तर तिला मिळालेलं मोफत घर खूप महागात पडतं. मुलांचं शाळेचं वर्ष मध्ये तोडू नका.

शक्य असेल तिथे तिथल्या तिथेच पुनर्वसन करा. मेट्रो ३ साठी गिरगाव-काळबादेवीच्या बाधित रहिवाशांना तोच पर्याय देण्यात आला आणि त्यामुळेच बोलणी पुढे सरकली. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडायचा होता. एप्रिल २०२५ मध्ये तो बंद करायचा बेत होता, पण शेजारच्या इमारतींतले रहिवासी 'आमचं काय ते आधी लिहून द्या' म्हणत रस्त्यावर उतरले. पूल बंद झाला तो सप्टेंबरात. लेखी करार, भाडं किती, किती महिने, चावी कधी, उशीर झाला तर काय, हे सगळं बुलडोझर येण्याआधी हातात पडलं पाहिजे. तोंडी आश्वासनावर या शहरातली किती माणसं संक्रमण शिबिरात म्हातारी झाली, ते इथल्या कुठल्याही चाळीत विचारा.

९. काम सुरू झाल्यावर

बॅरिकेड लागलं की सल्लागारांचं लक्ष उडतं. लोकांचा त्रास मात्र तिथून सुरू होतो. साइटच्या फलकावर कंत्राटदाराबरोबर रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर हवा. महिन्यातून एकदा रहिवाशांचे पाच-सात प्रतिनिधी आणि साइट इंजिनीअर यांनी चालत पाहणी करायची. पावसाळ्याआधी, एप्रिलअखेर, खास पाहणी: कुठे गटार बुजलंय, कुठे खडी पडलीय, रुग्णवाहिका आत येते का. गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग बॅरिकेडमुळे अडणार असेल तर मंडळांशी जूनमध्येच बोला.

बांधून झाल्यावर सांभाळणार कोण, हेही आराखड्याच्या वेळीच ठरवायचं असतं. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू झालेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात शौचालय बांधण्याआधी वस्तीत संस्था उभी करायची, सभासदांनी वर्गणी भरायची आणि देखभाल त्या संस्थेकडे द्यायची, अशी रचना होती. सगळीकडे ती टिकली नाही. पण जिथे वर्गणी खरंच लोकांनी भरली होती तिथे नळाची तोटी गेली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं.

१०. विरोध झाला तर

विरोध करणारा बहुतेक वेळा तुमचा आराखडा तुमच्यापेक्षा बारकाईनं वाचतो. त्याला बोलवा, त्याचा मुद्दा लेखी घ्या, स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासा. आरेमधल्या मेट्रो कारशेडच्या झाडांवर हजारो हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, २०२२ मध्ये पुन्हा आरेला आलं. कारशेड कुठे असावं यावर मतं वेगळी असू शकतात. रात्रीत उरकून वेळ वाचला का, याचा हिशेब मात्र कुणालाही मांडता येईल.

तुम्ही रहिवासी असाल तर

तुम्हाला कुणी विचारायला आलंच नाही, असंही होतं. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद झाली, ती कागदावरच राहिली. मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा आपणच हालचाल करायची.

पहिलं काम कागद मिळवायचं. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'प्रकल्पाची सगळी माहिती द्या' असं मोघम मागू नका. मंजूर आराखड्याची प्रत, सविस्तर प्रकल्प अहवाल, आमच्या गल्लीतल्या कामाचं छेदचित्र आणि बाधितांची यादी, असं नेमकं मागा. विकास आराखड्याची शीट महापालिकेच्या संकेतस्थळावर बघता येते. आपल्या प्लॉटचा सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) हाताशी ठेवा.

हरकत लिहिताना छापील नमुन्यावर पाचशे सह्या घेण्यापेक्षा पन्नास वेगवेगळी पत्रं जास्त उपयोगी पडतात. प्रत्येकानं आपल्या दारातलं लिहावं: माझी मुलगी या फाटकातून शाळेत जाते, ते बंद झालं तर तिला हमरस्ता ओलांडावा लागेल. त्यासोबत फोटो, तारीख, साधा हातानं काढलेला नकाशा. आणि फक्त 'नको' न लिहिता पर्याय सुचवा: फाटक दहा मीटर पुढे घ्या, भिंतीत दार ठेवा. पर्याय दिला की अधिकाऱ्याला फाइलवर त्याबद्दल काहीतरी शेरा मारावाच लागतो, आणि तो शेरा पुढे माहिती अधिकारात मागता येतो.

पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. खिडकीवरचा कर्मचारी 'ठेवून जा' म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. सुनावणीला बोलावलं तर तीन-चार जणांनी मिळून जा आणि मुद्दे आपापसांत वाटून घ्या, एकानं पाण्याचं बोलायचं, एकानं रस्त्याचं. बाहेर पडल्यावर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून त्याच अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवा.